पाच क्लिक म्हणजे किती कोस?

सबटायटलवाली
मंडळी, मदत हवी आहे. एका युद्धमालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. काळ व्हिएतनाम युद्धाचा, पात्रं अमेरिकन. रेडिओवर एकजण सांगतो की आम्ही नदीपासून 'फाइव्ह क्लिक्स' लांब आहोत. यंत्राने केलेला कच्चा मसुदा माझ्याकडे आला त्यात लिहिलं होतं, "नदीसाठी पाच वेळा क्लिक करा." पोट धरून हसून झालं, आता काम.

क्लिक म्हणजे किलोमीटर, एवढं मला ठाऊक आहे. इंग्रजीत कुणी 'सी'ने लिहितं, कुणी 'के'ने. प्रश्न दोन आहेत. पहिला, किलोमीटरला क्लिक का म्हणतात? चौथ्या भागात एक नवखा पोरगा हेच विचारतो आणि जुना शिपाई उत्तर न देता नुसती रायफल उचलून जिभेने 'टक्' असा आवाज काढतो. मला त्यातलं काही कळलं नाही. दुसरा, मराठीत काय लिहू? एका ओळीत जेमतेम चाळीस अक्षरं बसतात आणि ती वाचायला प्रेक्षकाला दोन सेकंद मिळतात, हे ध्यानात ठेवून सुचवा.

मिसळप्रेमी
'पाच कोस' लिहा की. अस्सल मराठी.

सबटायटलवाली
पाच कोस म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटर झाले. त्या तुकडीला रात्रभर चालवायचा विचार आहे का? :)

ब्रिस्बेनचा बाब्या
तो 'टक्' मी सांगतो. इथे ऑस्ट्रेलियात हा किस्सा बऱ्याच जणांना तोंडपाठ असतो. व्हिएतनाममध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांकडे एल-१-ए-१ रायफल असायची, म्हणजे भारतीय सैन्यातही असलेली आपली एसएलआर. जंगलात रस्ता नाही, खूण नाही, म्हणून अंतर पावलांवर मोजायचं. सपाटीला शंभर मीटरला इतकी पावलं, चढाला जास्त, उताराला कमी. दर शंभर मीटर झाले की मोजणारा माणूस रायफलच्या गॅस रेग्युलेटरची, म्हणजे गॅसचं प्रमाण ठरवणारी कडी एक घर फिरवायचा. दहा घरं झाली की एक किलोमीटर. मग तो रायफल उंच धरून सेक्शन कमांडरला खूण करायचा आणि अंगठ्याने कडी परत मूळ जागी आणायचा. तेव्हा जो आवाज व्हायचा तो क्लिक. तुमचा जुना शिपाई रायफल उचलून टक् करतो ते यामुळेच.

टोरांटोकर
इकडे कॅनडात तर लष्कराशी काडीचा संबंध नसलेले लोकही सर्रास म्हणतात. "हायवेला एकशेवीस क्लिक्सने जात होतो", म्हणजे वेगही त्यातच आला. १९७७ मध्ये इथल्या रस्त्यांवरच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर गेल्या. पाच अक्षरी किलोमीटर बोलायचा कंटाळा असणार. बाब्या, तुमच्याकडे किलोमीटरला 'केज' म्हणतात ना?

ब्रिस्बेनचा बाब्या
हो, 'टेन केज अवे'. क्लिक इथे कमीच.

चष्मेबद्दूर
म्हणजे बघा, ज्या देशाने हा शब्द जन्माला घातला असं सांगतात तिथे तो फारसा रुजला नाही आणि पसरला अमेरिकनांच्या तोंडी. इथेच पाल चुकचुकते.

आणखी दोन शंका. एक, शत्रूच्या जंगलात दबक्या पावलांनी चाललेला माणूस दर किलोमीटरला मुद्दाम खटका वाजवेल? दोन, अमेरिकन सैनिकांच्या हातात आधी एम-१४ आणि मग एम-१६ होत्या. एम-१६ ला गॅसचं प्रमाण बदलायची कडीच नाही, गॅस नळीतून थेट मागे जातो. मग त्यांनी फिरवलं काय? रेडिओचं बटण?

ब्रिस्बेनचा बाब्या
शेजारच्या सैन्याकडून शब्द उचलला असेल. दोन्ही सैन्यं एकाच देशात लढत होती. आणि आवाज म्हणजे काही तोफ नव्हे हो.

सुभेदार (निवृत्त)
नमस्कार. एरवी मी इथं फक्त वाचतो. पण एसएलआरचं नाव निघालं म्हणून लिहितो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. बेळगावला रंगरूट म्हणून गेलो तेव्हा हातात एसएलआरच आली. ईशापूरच्या कारखान्यात बनलेली, ७.६२ एमएम. पुढं इन्सास रायफल आली तोवर तीच आमची लक्ष्मी. तिचं वजन आजही खांद्याला आठवतं.

आता गॅस रेग्युलेटरबद्दल. ही कडी बॅरलवर, गॅस ब्लॉकच्या मागं बसलेली असते. फिरवली की खट् खट् आवाज होतो आणि घरं मोजता येतात, एवढं खरं. पण तिचं काम काय? गोळी सुटली की थोडा गॅस वर येतो आणि पिस्टनला मागं ढकलतो. त्याच धक्क्यानं रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन गोळी चढते. कडी जेवढी उघडी ठेवाल तेवढा गॅस बाहेर निसटतो आणि धक्का कमजोर पडतो. जास्त उघडली की रायफल एक गोळी मारून अडकते. म्हणून प्रत्येक रायफलची कडी रेंजवर लावून घ्यावी लागते. आधी पूर्ण उघडायची, मग एकेक गोळी मारत एकेक घर बंद करत आणायची. रायफल न अडकता नीट चालू लागली की वर आणखी दोन घरं बंद करायची. ती झाली तुमच्या रायफलची सेटिंग. ती कुणी बदलायची नाही.

आता सांगा, गस्तीवर चालताना जवान ती कडी दर शंभर मीटरला फिरवत बसला आणि सातशेव्या मीटरला समोर दुश्मन आला तर? पहिली गोळी सुटेल, दुसरीचा भरोसा नाही. आमच्या उस्तादानं असं कुणाला करताना बघितलं असतं तर पिठ्ठू पाठीवर टाकून मैदानाचे असे चक्कर काढायला लावले असते की त्या जवानाला किलोमीटर जन्मभर लक्षात राहिला असता.

चष्मेबद्दूर
सुभेदार साहेब, दंडवत. आम्ही तर्क लढवत बसलो होतो, तुम्ही थेट खटक्यावरच बोट ठेवलंत.

ब्रिस्बेनचा बाब्या
साहेब, पटलं. मी पंधरा वर्षं हा किस्सा लोकांना रंगवून सांगतोय. आता पुढच्या बार्बेक्यूला काय सांगू?

सुभेदार (निवृत्त)
सांगा हो, किस्सा छान आहे. फक्त खाली 'सत्यकथा' लिहू नका.

पावलं मोजणं मात्र खरं आहे. रात्रीच्या मार्चला एकजण होकायंत्र धरतो आणि एकजण फक्त पावलं मोजतो. त्याच्याशी बोलायची बंदी. शंभर मीटर झाले की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. कुणी दोरीला गाठी मारतं. ड्रिलचं पाऊल तीस इंची, मिनिटाला एकशेवीस पावलं. त्या हिशेबानं किलोमीटरला तेराशेवर बारा पावलं आणि अकरा मिनिटं. पण ते परेड मैदानावर. नांगरट झालेल्या रानात, रात्री, चिखलात पाऊल कमी पडतं. म्हणून प्रत्येकानं आपलं स्वतःचं पाऊल आधी दिवसा मोजून ठेवायचं.

ढ विद्यार्थिनी
आम्हाला एनसीसीत 'फासले का अनुमान' नावाचा तास होता! त्यात एक 'सेक्शन औसत' पद्धत होती. सेक्शनमधल्या प्रत्येकीने समोरच्या झाडापर्यंतचं अंतर सांगायचं आणि सरासरी काढायची. एकीने पन्नास मीटर सांगितलं, एकीने सहाशे. सरासरी अगदी बरोबर आली. त्या दिवसापासून माझा लोकशाहीवर विश्वास बसला.

नकाशेवाला
धागा रंगलाय. सुभेदार साहेबांनी एक किस्सा निकालात काढला, मी दुसरा काढतो. काही जण सांगतात की जीपच्या मीटरमध्ये किलोमीटर पूर्ण झाला की आकडा 'क्लिक' करून फिरायचा. अमेरिकन जीपचा मीटर मैल दाखवायचा. मग क्लिक म्हणजे मैल व्हायला हवा होता.

तिसरं सांगणं असं की रायफलच्या साइटचे क्लिक. त्या साइटला फिरवायच्या चकत्या असतात आणि एकेक खटक्याला नेम किंचित सरकतो. एम-१ गॅरंडवर एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच. हल्लीच्या दुर्बिणींवर बहुधा शंभर मीटरला एक सेंटिमीटर. यातून 'एक क्लिक = एक किलोमीटर' कसं निघतं ते मला आजवर कुणी समजावू शकलेलं नाही. गोळीचा नेम आणि पायांची रपेट ही दोन वेगळी खाती आहेत.

मला विचाराल तर शब्दापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की घरी मैल आणि फूट वापरणारा अमेरिकन सैनिक रणांगणावर किलोमीटर का बोलू लागला? त्याचं उत्तर नकाशात आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौज फ्रान्समध्ये उतरली तेव्हा नकाशे फ्रेंच, तोफा बऱ्याचशा फ्रेंच ७५ मिलिमीटरच्या. म्हणून १९१८ मध्ये तिथल्या फौजेसाठी मेट्रिक मापं स्वीकारावी लागली. १९४९ मध्ये नाटो ही लष्करी युती झाली. मित्रदेशांच्या तोफा एकमेकांच्या नकाशावर मारायच्या तर एकाने यार्डात आणि दुसऱ्याने मीटरात बोलून चालत नाही, गोळा आपल्याच माणसांवर पडतो. १९५७ मध्ये अमेरिकन लष्कराने शस्त्रं आणि साहित्यासाठी मेट्रिक पद्धत धरली. मग व्हिएतनाम. तो देश आधी फ्रेंचांचा, त्यामुळे रस्त्याकडेचे दगडसुद्धा किलोमीटरचे.

सैनिकाच्या हातातला नकाशा १:५०,००० चा. त्यावर आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन, प्रत्येक चौकोनाची बाजू दोन सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवर बरोबर एक किलोमीटर. नकाशावर तीन चौकोन मोजले की तीन किलोमीटर. पट्टीसुद्धा लागत नाही. ज्या गोष्टीचं नाव दिवसातून दोनशे वेळा घ्यावं लागतं तिला लांबलचक नाव टिकत नाही.

आपल्याकडेही जुने एक इंच = एक मैल म्हणजे १:६३,३६० चे नकाशे पुढे सर्व्हे ऑफ इंडियाने १:५०,००० वर आणले. दोन्ही शेजारी ठेवून बघा, जुने मला जास्त देखणे वाटतात.

अवांतर: अमेरिकन सैन्यात नव्या पोराला पिडायचा जुना चावटपणा म्हणजे "जा, स्टोअरमधून ग्रिड स्क्वेअरचा (म्हणजे नकाशावरच्या त्या चौकोनांचा) एक डबा घेऊन ये." पोरगं खरंच जातं.

सुभेदार (निवृत्त)
हे सगळीकडं सारखंच दिसतंय. :)

मिसळप्रेमी
मग सरळ 'किलो' का नाही म्हणाले? तेही दोनच अक्षरं.

नकाशेवाला
कारण रेडिओवर 'किलो' आधीच अडवलेला. नाटोच्या उच्चारमालेत 'के' या अक्षराचं नाव किलो. शिवाय वजनाचा किलो आहेच. "किलो कंपनी दोन किलोवर आहे" असं ऐकल्यावर समोरचा काय समजेल?

मिसळप्रेमी
पुण्यातला असेल तर चितळ्यांची बाकरवडी. समजलं.

शब्दखोर
आता माझी हजेरी. उत्पत्तीचं म्हणाल तर शब्दकोशांनी हात वर केले आहेत. नावाजलेल्या इंग्रजी कोशातही 'उत्पत्ती अज्ञात' असाच शेरा सापडतो. १९६० च्या दशकात व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांनी तो सर्वदूर केला हे मात्र सगळे मानतात. माझं मत नकाशेवाल्यांच्या बाजूने: 'किलोमीटर'चं तोंड आणि 'क्लिक'चं तोंड एकच आहे, घाईघाईत 'किल्' बोललं की पुढे क् आपोआप लागतो. गॅस रेग्युलेटरची कथा मागाहून शब्दाला चिकटवलेली. शब्द आधी येतो, त्याची गोष्ट नंतर जन्मते. आपल्याकडे गावांच्या नावांचं असंच असतं, पांडव येऊन न गेलेलं एक गाव दाखवा.

पण मला यात खरी मौज वाटते ती वेगळीच. क्लिक आवाजावरून आला नसावा, असं आपण आत्ता इथे जवळजवळ ठरवलं. आणि मिसळप्रेमींनी चेष्टेत सुचवलेला 'कोस' मात्र खरोखर आवाजावरून आला आहे! कोस म्हणजे संस्कृत क्रोश. क्रुश् म्हणजे ओरडणे. आक्रोशातला क्रोश तोच. माणसाची आरोळी ऐकू जाईल तेवढं अंतर म्हणजे क्रोश. आता तीन किलोमीटरवर आरोळी कुणाची जाते असं विचारू नका, मापं काळाबरोबर फुगतात. आणि कोस प्रांताप्रांतात लहानमोठा होताच. आजही आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो तेव्हा नकळत तेच जुनं माप वापरतो.

योजनही तसंच गमतीचं. युज् म्हणजे जुंपणे. बैल किंवा घोडे एकदा जुंपले की सोडेपर्यंत जेवढं जातील तेवढं योजन. म्हणजे पेट्रोलच्या एका टाकीत गाडी जाते तसं.

आणि लष्करी शब्दच हवा असेल तर मराठीत 'मजल' आहे. अरबी मंझिल, म्हणजे उतरायची जागा. फौजेची एका दिवसाची चाल म्हणजे एक मजल. बखरींतून फौजा 'मजल दरमजल' आणि 'दरकूच' करत जातात त्या याच. तीच मंझिल पुढे इमारतीत शिरली आणि 'मजला' झाली. लिफ्ट बंद पडल्यावर चौथ्या मजल्यावर चढताना मला तरी ती फौजेची मजलच वाटते.

टोरांटोकर
शब्दखोर, हे जबरी. मजल आणि मजला एकच हे आज कळलं.

चष्मेबद्दूर
मैल राहिला की. तोही फौजीच. रोमन लोकांचं 'मिल्ले पासूस', म्हणजे हजार पावलं. त्यांचं एक पाऊल म्हणजे आपली दोन, डावा पाय टेकला की पुन्हा डावा टेकेपर्यंत. म्हणून तो मैल सुमारे १.४८ किलोमीटरचा भरायचा. त्याही आधी अलेक्झांडरच्या फौजेबरोबर पावलं मोजणारी खास माणसं होती, त्यांना ग्रीकमध्ये बेमातिस्त म्हणत.

पायवाट
पावलं मोजायचा विषय निघाला आणि नैनसिंह रावतांचं नाव अजून कुणी घेतलं नाही?

कुमाऊंचे शाळामास्तर. सर्व्हेच्या इंग्रज अधिकाऱ्यांना तिबेटात शिरायला बंदी, म्हणून त्यांनी पहाडी माणसं तयार केली. नैनसिंहांना डेहराडूनला शिकवलं काय, तर चढ असो की उतार, पाऊल सारखंच टाकायचं. सुमारे दोन हजार पावलांना एक मैल. हातात जपमाळ. जपमाळेत मणी १०८ असतात, यांच्या माळेत बरोबर १००. शंभर पावलं झाली की एक मणी पुढे. पाहणाऱ्याला वाटायचं यात्रेकरू नामस्मरण करतोय. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्राच्या पोटात. १८६५-६६ मध्ये असं मोजत मोजत ते ल्हासाला जाऊन आले. पुढे १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

आता अमेरिकन रेंजर्सची दोरी बघा. तिच्यात तेरा मणी, खाली नऊ आणि वर चार. शंभर मीटरला खालचा एक मणी ओढायचा, नऊ संपले आणि आणखी शंभर मीटर झाले की वरचा एक ओढायचा, म्हणजे एक किलोमीटर. आवाज बिलकूल नाही. क्लिकची खरी कडी बघायची तर ही बघा.

सुभेदार (निवृत्त)
पायवाटजी, हे वाचून ऊर भरून आला. आमचे खिशातले खडे त्याच घराण्यातले म्हणायचे.

वांवभर पाणी
जमिनीवरचे सगळे बोलले, आता दर्यावरचा बोलतो. आमच्याकडे कोकणात खोली वांवेत मोजतात. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वांव. दोर हाताहाताने पाण्यात सोडायचा आणि वांवा मोजायच्या. इंग्रजांचा फॅदम तोच, सहा फूट. नौदलात अंतराला केबल म्हणतात, सागरी मैलाचा दहावा भाग, १८५ मीटर. जुन्या जहाजाच्या नांगराच्या दोरावरून ते नाव पडलं.

टोरांटोकर
आणि हवेतले? ब्रिटिश वैमानिक उंचीला 'एंजल्स' म्हणायचे. 'एंजल्स फिफ्टीन' म्हणजे पंधरा हजार फूट. शेकड्यात सांगायचं असेल तर 'चेरब्स', म्हणजे छोटे देवदूत. ही नावं मला या सगळ्यांत गोड वाटतात.

ढ विद्यार्थिनी
मालिकांत 'टेन माइक्स' पण ऐकलंय. ते काय?

नकाशेवाला
माइक म्हणजे 'एम' अक्षर. बहुतेक वेळा मिनिटं, कधी मीटर. संदर्भ बघून ओळखायचं. सबटायटलवाली ताई, तुमच्या मालिकेत आलं तर जपून, "दहा मीटरवर आहोत" लिहून बसाल आणि हेलिकॉप्टर येईल दहा मिनिटांनी.

मिसळप्रेमी
म्हणजे ते मुंबईकरच. स्टेशन किती लांब विचारलं की "सात मिनिटं".

सबटायटलवाली
अहो, माइक्स दुसऱ्या भागात आलंय! आणि मी मीटरच लिहिलं होतं. आत्ताच्या आत्ता दुरुस्त करते. नकाशेवाले, तुमचे उपकार.

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचं असं ठरवतेय: रेडिओवरच्या संवादात 'नदी पाच किमी.' एवढंच. 'मजल' लिहायचा फार मोह झाला, पण ती पोरं बखरीतली वाटायला लागली असती. वर्णनात एके ठिकाणी तोफांचा 'पल्ला' लिहिते, तो आपला रोजचा शब्द आहे आणि तिथे चपखल बसतो.

चौथ्या भागातला तो जुना शिपाई मात्र अडतोय. 'किमी' लिहिलं तर नवखा पोरगा काय विचारतोय तेच कळणार नाही. म्हणून फक्त तिथे "याला क्लिक का म्हणतात?" असं ठेवते. पुढचं उत्तर नुसता आवाज आहे, त्याला सबटायटल नको.

सुभेदार (निवृत्त)
ताई, एक विचारू? तो शिपाई उचलतो ती रायफल कोणती आहे? काळी, हलकी, वर धरायची मूठ असलेली, का लाकडी दस्त्याची लांब?

सबटायटलवाली
थांबा, बघून सांगते.

काळी. वर मूठ आहे.

सुभेदार (निवृत्त)
मग ती एम-१६. तिला फिरवायला कडीच नाही. जिभेनंच टक् करावं लागणार त्याला.